शिक्का कोणासाठी?

एखादी वस्तू आपण विकत घेतली असे म्हणतो, तेव्हा नेमके काय विकत घेतो? प्रश्न वरवर पाहता वकिली थाटाचा वाटेल. पैसे मोजले, पावती मिळाली, वस्तू घरी आली, एवढ्यावर व्यवहार संपला अशी आपली समजूत असते. ती वस्तू बिघडली म्हणजे मात्र ही समजूत कसोटीला लागते. वापरण्याचा अधिकार आपल्याकडे आला, तसा उघडून पाहण्याचाही आला काय? आणि उघडल्यावर ती पुन्हा नीट चालती करण्याची किल्ली विकणाऱ्याने आपल्याच खिशात ठेवली असेल, तर आपल्या हाती आली ती मालकी म्हणावी की मुदत न लिहिलेले भाडे? आमची सारी नोकरी गुजरात राज्याच्या तोलमाप खात्यात गेली. त्यामुळे नीतीचे प्रश्नसुद्धा आम्हांला तराजू, लिटर आणि शिशाचे शिक्के यांच्याच भाषेत सुचतात, हे वाचकांनी आधीच ध्यानात घेतलेले बरे.

या खेपेला निमित्त झाले ते डिझेलवर चालणाऱ्या एका पिकअप गाडीचे. रावपुऱ्यातील आमच्या घरामागे एक तरुण राहतो. पदवी वाणिज्य शाखेची. परंतु डिझेल पंपांची दुरुस्ती करणाऱ्या एका कारखान्यात दोन वर्षे हिशेब लिहिता लिहिता त्याने हातही काळे करून घेतले. पुढे कर्ज काढून गाडी घेतली, आणि आता पादऱ्याकडची भाजी तो पहाटे सयाजीपुऱ्याच्या बाजारात पोहोचवतो. गेल्या हिवाळ्यात ही गाडी सकाळी सुरू होताना कुरकुर करू लागली, उभ्या जागी इंजिन लंगडू लागले, धूर काळा येऊ लागला आणि डिझेलचा खर्च वाढला. इंजेक्टर झिजले असावेत असा अंदाज निघाला, आणि त्याने ते घरच्या अंगणात स्वतःच बदलले. गल्लीत कोणी याला धाडस म्हणाले, कोणी आगाऊपणा.

इंजेक्टर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी जर्मनीत आउग्सबुर्ग येथे १८९७ मध्ये चालवून दाखवलेल्या इंजिनात इंधन आत ढकलण्यासाठी दाबलेली हवा वापरली होती. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ पासून इंधनाचे पंप मोठ्या प्रमाणावर निघू लागले, तेव्हा डिझेलचे इंजिन आटोपशीर होऊन मालमोटारींत शिरले. १९९७ पासून छोट्या गाड्यांत आली ती ‘कॉमन रेल’ पद्धत. तीत एका जाड नळीत इंधन प्रचंड दाबाखाली साठवलेले असते आणि प्रत्येक सिलिंडरवरचा इंजेक्टर संगणकाच्या इशाऱ्याने क्षणभर उघडतो. हा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो; मोटारीच्या चाकातली हवा साधारण दोन-अडीच बारची असते, त्यावरून वाचकांनी अंदाज करावा. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असले, तर एकेका सिलिंडरमध्ये मिनिटाला हजार वेळा इंधन सोडावे लागते, आणि तेही एका दमात नव्हे. आधी मोहरीच्या दाण्याहूनही थोडे, मग उरलेले. आतील सुई आणि तिची नळी यांमधली फट एक-दोन सहस्रांश मिलिमीटरची. अशा वस्तूला आम्ही यंत्राचा भाग न म्हणता माप म्हणू. मोजून देणे हेच तिचे काम, आणि झिजली म्हणजे ती खोटे मोजू लागते.

आमचे लक्ष त्या तरुणाच्या कामाकडे वेधले गेले ते याच कारणाने. सुटे भाग खोलण्यापूर्वी त्याने चार सारख्या बाटल्या आणल्या, त्यांवर रेघा मारल्या आणि चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या एकेका बाटलीत सोडून इंजिन काही मिनिटे चालू ठेवले. जो इंजेक्टर जास्त झिजला, त्याच्यातून जास्त डिझेल परत गळते. दोन बाटल्या इतरांच्या दुपटीहून अधिक भरल्या, तिसरीही पुढे होती. आम्ही सहज विचारले, “गॅरेजवाल्याने सांगितलेच होते ना, मग हा खटाटोप कशाला?” तो म्हणाला, “काका, मोजलं नसतं तर हात लावला नसता.” तोलमाप खात्यात पस्तीस वर्षे घालवलेल्या माणसाला हे वाक्य किती गोड लागले असेल ते सांगायला नको.

पुढचे काम दीड दिवस चालले. इंजिन थंड होऊन रेलमधला दाब उतरेपर्यंत तो थांबला. आजूबाजूचा भाग आधी धुऊन, पुसून, कोरडा केला. कारण या कामात धुळीचा एक कणही नव्या इंजेक्टरचे आयुष्य संपवू शकतो. उघड्या पडलेल्या प्रत्येक नळीच्या तोंडावर त्याने टोपी चढवली. दोन इंजेक्टर सहज निघाले, चौथ्याने थोडे आढेवेढे घेतले, तिसरा मात्र काजळीने असा चिकटला होता की रात्रभर त्याच्या भोवती पातळ तेल सोडून ठेवावे लागले, आणि सकाळी ओढणीच्या हत्याराने हलके हलके ठोके देत तो बाहेर आला. खाली तांब्याचा वॉशर असतो. जुना वॉशर भोकाच्या तळाशी राहून गेला आणि त्यावरच नवा बसला, तर इंजेक्टरचे तोंड वर राहते व फवारा चुकतो. म्हणून त्याने चारही जुने वॉशर काढून कागदावर मांडले, मोजले, आणि मगच जागा साफ करून नवे घातले. बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने, कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रींनी लिहून दिलेल्या आकड्याप्रमाणे आवळले. जास्त दाबाच्या नळ्या जुन्याच पुन्हा बसवता आल्या असत्या, पण त्याने नव्या घेतल्या. फिल्टरवरचा हातपंप मारून हवा काढली. इंजिन सुरू झाल्यावर गळती पाहण्यासाठी धावून गेलेल्या धाकट्या भावाला त्याने ओरडून मागे खेचले आणि पुठ्ठ्याचा तुकडा पुढे केला. या दाबाखाली सुटलेली डिझेलची न दिसणारी धार कातडीतून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, प्रसंगी हातही गमवावा लागतो.

इतका तपशील आम्ही मुद्दाम दिला. घरी दुरुस्ती करावी की करू नये, असा वाद आपण घालतो तेव्हा ‘घरी’ या शब्दावर जोर देतो. आमच्या मते जागेचा येथे काही संबंध नाही. निष्काळजी काम चकचकीत कार्यशाळेतही होते, आणि अंगणातही सचोटीचे काम होऊ शकते.

इंजिन सुरू झाले खरे, पण नीट चालेना. त्याचे कारण त्या तरुणाला आधीच ठाऊक होते, आणि आमचा नैतिक प्रश्नही येथूनच सुरू होतो. कोणतेही दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे होत नाहीत. म्हणून कारखान्यात प्रत्येकाची चाचणी घेऊन तो ठरलेल्या मापापेक्षा किती कमी-अधिक सोडतो, ते एका संकेतांकाच्या रूपाने त्याच्याच अंगावर कोरतात. हा संकेतांक गाडीच्या संगणकात नोंदवला म्हणजे संगणक तेवढी भर किंवा तूट सांभाळून घेतो. आपण किती चुकतो हे आपल्याच कपाळावर लिहून बाजारात येणारी वस्तू! माणसांत अशी सोय असती तर आमच्या खात्याचे निम्मे काम हलके झाले असते. असो. संकेतांक इंजेक्टरवर उघड दिसत होता. पण तो संगणकात घालण्याचे यंत्र आणि परवलीचा शब्द कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेकडे. तेथे उत्तर मिळाले की, इंजेक्टर आमच्याकडून घेऊन आमच्याच माणसाने बसवले असतील तरच नोंद करू. इंजेक्टर त्याच कंपनीच्या अस्सल मालाचे होते, पावती होती. कारण विचारता ‘धोरण’ हा एकच शब्द हाती आला. तीन दिवस भाजी दुसऱ्याच्या गाडीतून भाड्याने गेली. चौथ्या दिवशी शहराबाहेरच्या एका स्वतंत्र मिस्त्रीने आपल्या यंत्रावर ही नोंद काही मिनिटांत करून दिली.

आता शिक्क्याकडे येतो. पेट्रोल पंपावरच्या मापयंत्राला आम्ही तार ओवून शिशाचा शिक्का दाबत असू. त्यावर निरीक्षकाची खूण, वर्ष आणि तिमाहीचे अक्षर. हा शिक्का मालकाला उघडण्यापासून अडवतो, हे खरे. यंत्र त्याचे, पैसे त्याचे, तरी आतला स्क्रू फिरवण्याची त्याला मोकळीक नाही. वरवर पाहता इंजेक्टरचा कुलूपबंद संकेतांक आणि आमचा शिक्का एकाच जातीचे वाटतील, आणि कार्यशाळेच्या बाजूने बोलणारा मनुष्य नेमके हेच म्हणेल. पण दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमचा शिक्का तेथे अनुपस्थित असलेल्या तिसऱ्या माणसासाठी होता: उद्या येऊन डिझेल भरणाऱ्या, आत काय चालले आहे हे पाहू न शकणाऱ्या ग्राहकासाठी. त्याचा फायदा शिक्का मारणाऱ्याला नव्हता. शिवाय हा शिक्का ‘उघडू नकोस’ असे कधीच म्हणत नसे. यंत्र बिघडले तर परवाना असलेला कोणीही दुरुस्तीकार ते उघडू शकतो. अट इतकीच की पुन्हा विक्रीला लावण्यापूर्वी फेरतपासणी झाली पाहिजे. यंत्र बनवणाऱ्यानेच ते दुरुस्त करावे असे आमच्या कायद्याने कधी सांगितले नाही. उघडलेस तर मोजून घे, एवढेच त्याचे म्हणणे.

कार्यशाळेच्या कुलपाला हीच कसोटी लावून पाहावी. त्याने कोणा तिसऱ्याचे रक्षण झाले? संकेतांक न नोंदवता गाडी रस्त्यावर धावली असती तर धूर वाढला असता. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि रस्त्यावरच्या लेकरांच्या छातीत गेला असता. म्हणजे नोंद नाकारल्याने तिसऱ्याचे नुकसानच होण्याचा संभव होता. फायदा झाला असता तो एकाच पक्षाला, आणि किल्लीही त्याच पक्षाच्या खिशात होती.

तथापि दुसरी बाजू दुबळी आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. घरच्या अंगणात पिकअप उघडण्याची परंपरा अमेरिकेत मोठी आहे. तेथे शेतकरी व सुतार आपल्या गाड्यांचे इंजेक्टर स्वतः बदलतात आणि त्याचा अभिमानही बाळगतात. परंतु त्याच देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या अहवालाचा अंदाज असा की, मागील सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधली धूर शुद्ध करणारी यंत्रणा काढून टाकण्यात किंवा बंद पाडण्यात आली होती. जास्त ताकद मिळावी, खर्च वाचावा, आणि काहींच्या बाबतीत तर काळा धूर सोडण्याची मौज वाटावी, म्हणून. मालकी ती माझी, मग धूरही माझा, असा हा युक्तिवाद. येथे तो कोसळतो. कारण गाडी ज्याची असेल त्याची असो, हवा त्याची नव्हे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे मान लागू झाले आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत दहा भागांवर आली. इतक्या खर्चाने स्वच्छ केलेले इंधन गळक्या इंजेक्टरातून अर्धवट जाळणे हा सार्वजनिक ठेवीचा अपहार आहे.

म्हणून आमचा कौल दोन भागांत पडतो. वस्तू उघडण्याचा अधिकार मालकाचा, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान दडवण्याचा अधिकार विकणाऱ्याचा नाही. परंतु उघडलेली वस्तू जर इतरांच्या जिवाला वा श्वासाला स्पर्श करणारी असेल, तर ती पुन्हा मोजून देण्याची जबाबदारीही त्याच मालकाची. त्या तरुणाने संकेतांक नोंदवून झाल्यावर त्याच दिवशी प्रदूषण तपासणी केंद्रावर नेऊन धुराचे माप घेतले. जुन्या दाखल्याची मुदत अजून उरली होती; कायद्याने त्याला तसे करायला लावले नव्हते.

कायदाही या दिशेने अडखळत का होईना, चालू लागला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटारींच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मिस्त्रींना खुली करणारा कायदा केला. आपल्या देशात स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार-उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला; सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात मिळू न देणे हा त्यांतला मुख्य ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात ‘दुरुस्तीचा अधिकार’ या नावाने माहितीचे संकेतस्थळही उघडले. सरकारी नोकरीत आयुष्य काढल्यामुळे संकेतस्थळ उघडणे आणि दार उघडणे यांतले अंतर आम्हांला चांगले ठाऊक आहे.

आपल्या मंडळींविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या तरुणाचे वडील आमचे जुने स्नेही. तीन पिढ्या दप्तरात गेलेले घराणे. मुलगा गाडीखाली निजलेला पाहून ते आम्हांला म्हणाले, “अहो, हेच करायचं होतं तर पदवीपर्यंत शिकवलं कशाला?” हे वाक्य बडोद्याच्या मातीत उभे राहून उच्चारले जावे, याचे आम्हांला वाईट वाटले. येथेच १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले. त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ त्याचा पहिला मुख्याध्यापक. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम हे विषय तेथे देशी भाषांतून शिकवावेत असा कटाक्ष होता. म्हणजे यंत्राचे ज्ञान इंग्रजी न येणाऱ्या कारागिराच्या मुलालाही खुले व्हावे. ज्ञानावरचे कुलूप काढणे हे राज्यकर्त्याचे काम आहे, ही समज त्यामागे होती. आपल्या घराण्यांनी महाराजांची तसबीर दिवाणखान्यात लावली आणि मुलांना मात्र लेखणीच्याच बाजूला बसवले. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, बॉनेटवर कुंकू लावतो. ते बॉनेट उघडणारा हात मात्र दुसऱ्या कोणाचा तरी असावा अशी आपली अपेक्षा. ज्याला दुरुस्ती येत नाही त्याला कुलपाचे दुःखही कळत नाही, आणि म्हणून या विषयावर आपल्या सभांतून चर्चा होत नाही.

सगळ्यांनीच घरी दुरुस्ती केली तर मिस्त्रीने काय खावे, असा आक्षेप एका सभासदांनी घेतला. त्याला उत्तर सोपे आहे. असे काम अंगावर घेणारे शेकड्यात एक-दोनही निघायचे नाहीत, आणि बाकीचे मिस्त्रीकडेच जातील; पण तो मिस्त्री नाक्यावरचा असावा की कंपनीने नेमून दिलेलाच असावा, हे ठरवण्याची मोकळीक त्यांना राहील. कुलपाने नाक्यावरच्या मिस्त्रीचाच धंदा आधी बसतो.

आमची एक छोटी सूचना आहे. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवावे लागते आणि शंका आली तर कोणीही ग्राहक आपल्यासमोर ते भरून पाहू शकतो. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा अधिक फरक पडता कामा नये. त्याच धर्तीवर प्रत्येक अधिकृत कार्यशाळेत संकेतांक नोंदवण्याचे वेगळे शुल्क पाटीवर लिहिलेले असावे, आणि भाग कोणी बसवला हे न विचारता ते काम करून द्यावे. बसवणी चुकीची आढळली तर तसे लेखी कळवावे.

या सूचनेतही एक अडचण उरते. नवे इंजेक्टर सर्वांना परवडत नाहीत. बाजारात जुने खोलून, नवी तोंडे घालून, पुन्हा जुळवलेले इंजेक्टर स्वस्तात मिळतात, आणि गरीब गाडीवाला तेच घेतो. आतले भाग बदलले म्हणजे त्यांची तूट-भर बदलते; तेव्हा चाचणीयंत्रावर बसवून नवा संकेतांक काढला पाहिजे. कित्येक ठिकाणी तो काढला जातो. पण जेथे काढला जात नाही, तेथे जुनाच आकडा अंगावर राहतो आणि संगणक त्या आकड्यावर विश्वास ठेवून इंधन मोजत राहतो. हे काम कंपनी करीत नाही. ज्याच्या बाजूने आम्ही इतके लिहिले तो नाक्यावरचा मिस्त्रीच करतो. डागडुजी केलेल्या तराजूवर जुना शिक्का तसाच ठेवून कोणी माल विकताना सापडला, तर आमच्या खात्यात तो तराजू जप्त होत असे, मग विकणारा कितीही गरीब असो.